विषाणुरोधी औषधांची पेटंट-समाप्ती

मूळ कंपनीचा एकाधिकार संपून इतर उत्पादकांना तेच औषध बनवायची आणि विकायची मुभा मिळते, तो टप्पा म्हणजे पेटंट-समाप्ती. एका औषधाला एकच समाप्ती-तारीख असते, हा समज मात्र चुकीचा आहे.

भारतात पेटंट २० वर्षांचे असते (पेटंट कायदा १९७०, कलम ५३). मुदत अर्जाच्या तारखेपासून मोजतात. पीसीटी (अनेक देशांसाठी एकच आंतरराष्ट्रीय अर्ज करू देणारा करार) मार्गाने आलेल्या अर्जासाठी आंतरराष्ट्रीय दाखल-तारखेपासून. पेटंटच्या मंजुरीपासून मोजणारा जेनेरिक (मूळ औषधाची प्रत बनवणारा) उत्पादक काही वर्षे विनाकारण थांबतो. अग्रक्रम-तारखेपासून (त्याच शोधावरच्या सर्वांत पहिल्या अर्जाच्या तारखेपासून) मोजणारा वर्षभर आधीच माल बाजारात आणू शकतो आणि त्याच्यावर न्यायालयाची मनाई ओढवते. तिसऱ्या वर्षापासूनचे नूतनीकरण शुल्क थकले तर पेटंट मुदतीआधीच रद्दबातल होते. पण १८ महिन्यांत ते पुनरुज्जीवित करता येते, म्हणून नोंदीत ‘रद्द’ दिसले की लगेच उत्पादन सुरू करणे धोक्याचे.

खरी मेहनत एकाच औषधावरच्या पेटंटांचे थर शोधण्याची आहे. मूळ रेणू, त्याचा क्षार, स्फटिकरूप, गोळीची घडण, संयुक्त डोस यांवर वेगवेगळे अर्ज असतात आणि प्रत्येकाची घड्याळे वेगळी. शोधही औषधाच्या प्रचलित नावावर थांबवू नये. जुन्या अर्जांत फक्त रासायनिक नाव किंवा रचनासूत्र असते. कलम ३(ड) नुसार ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाची परिणामकारकता वाढलेली दाखवता आली नाही, तर त्यावर पेटंट मिळत नाही. रुग्णांच्या दृष्टीने कायद्यातले हे सर्वांत मोलाचे कलम. मंजुरीपूर्वी कोणीही हरकत घेऊ शकतो. एचआयव्हीवरील लोपिनाविर-रिटोनाविरच्या, फ्रिजशिवाय टिकणाऱ्या गोळ्यांवरचा अ‍ॅबट या औषध कंपनीचा अर्ज अशाच हरकतींनंतर मुंबई पेटंट कार्यालयाने फेटाळला. टेनोफोविर या एचआयव्हीवरीलच औषधाच्या क्षारावरील गिलियड कंपनीचे अर्जही २००९मध्ये भारतात नाकारले गेले.

त्याच टेनोफोविरचे अमेरिकेतील पेटंट २५ जुलै २०१७ला संपत होते. मुलांवर औषधाचा अभ्यास केल्याबद्दल मिळालेल्या सहा महिन्यांच्या वाढीने ती तारीख २५ जानेवारी २०१८ झाली. अमेरिकेत नव्या रेणूला पेटंटखेरीज पाच वर्षांची माहिती-एक्सक्लुझिव्हिटीही (मूळ कंपनीच्या चाचण्यांच्या माहितीचा आधार इतरांना घेऊ न देणारे संरक्षण) मिळते. भारतात तशी तरतूद नाही. येथे नियामकाच्या मंजुरीनंतर चार वर्षे औषध ‘नवे’ मानले जाते आणि त्या काळात नव्या उत्पादकालाही केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागते, पण ते पेटंट-संरक्षण नव्हे.

कलम १०७अ मुळे नियामकाला द्यायच्या माहितीसाठी मुदतीआधीच नमुने बनवता येतात, जैवसमतुल्यता चाचणी (प्रत मूळ औषधाइतकीच शरीरात शोषली जाते का, ते पाहणारी) करता येते. ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेतील सहा महिन्यांची त्वरित स्थिरता-चाचणी (औषध किती टिकते ते पाहणारी) लागत असल्याने काम मुदत संपण्याच्या बरेच आधी सुरू करावे लागते. विक्रीचा साठा मात्र त्या सवलतीत बसत नाही.