दोन डबे, दोन हार्डनर: घरच्या रेसिंग यॉटसाठी पॉलिएस्टर की इपॉक्सी?

पहिली आरसी यॉट, म्हणजे रिमोटने चालवायची छोटी शिडाची होडी, बांधताना नकाशा मिळतो, बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) पट्ट्याही मिळतात. गाडी अडते ती रेझिनच्या दुकानात. मुंबईत नुसतं ‘रेझिन’ मागितलं, तर बहुतेक वेळा समोर येतं ते पॉलिएस्टर, म्हणजे ज्याला सगळे ‘फायबरचं रेझिन’ म्हणतात. त्यात दुकानदाराची चूक नाही. कोळीवाड्यातल्या फायबरच्या होड्या, पाण्याच्या टाक्या, गच्चीवरची छपरं, सगळं त्यातच होतं. सोबत एक छोटी बाटली मिळते, तिला म्हणतात हार्डनर. शेजारच्या फळीवर इपॉक्सीचा डबा असतो, त्याच्याही बाटलीला म्हणतात हार्डनर. दोन्ही रेझिनं मधासारखी दिसतात, दोन्ही काचेच्या कापडात मुरवतात, दोन्ही दगडासारखी कडक होतात. तरीही नवख्याच्या हातून होडी बिघडते ती बहुतेकदा ह्या दोन हार्डनरना एक समजल्यामुळे.

पॉलिएस्टरची छोटी बाटली म्हणजे विरजण. रेणूंच्या साखळ्या जुळण्यासाठी लागणारं सगळं रेझिनमध्येच असतं: पॉलिएस्टर आणि त्याला पातळ ठेवणारं स्टायरिन. बाटलीतलं एमईकेपी फक्त क्रिया सुरू करून देतं. शंभर ग्रॅमला एक ते दोन ग्रॅम पुरे. थंडीत थोडं जास्त, उन्हाळ्यात थोडं कमी, दही लागतंच.

इपॉक्सीचा हार्डनर हे विरजण नव्हे. ते कडी-कोयंड्याचं नातं आहे. रेझिनच्या प्रत्येक कडीला हार्डनरचा एक कोयंडा लागतो आणि दोघं मिळून कडक पदार्थ बनतो. कोयंडे जास्त झाले तर ते रिकामे लोंबकळत राहतात, कमी पडले तर कड्या मोकळ्या राहतात. दोन्हीकडे माल कायमचा मऊ. माझी पहिली हल, म्हणजे होडीचं कवच, मी दादरच्या घरी जुलैमध्ये बांधली. हवा दमट आहे, लवकर धरू दे, म्हणून अंदाजाने दीडपट हार्डनर टाकला. चार दिवसांनीही नख रुतत होतं. शेवटी ओलं कापड सोलून काढलं, त्याबरोबर बाल्साही निघाला. पंधरा संध्याकाळींचं काम होतं ते. म्हणून हे इतक्या कळकळीने सांगतो आहे: इपॉक्सीला घाई असेल तर जलद हार्डनर आणा, प्रमाणाला हात लावू नका.

प्रमाण प्रत्येक जोडीचं वेगळं असतं. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या एलवाय ५५६ (रेझिन) आणि एचवाय ९५१ (हार्डनर) ह्या जोडीचं प्रमाण वजनाने १००ला १० आहे. दुसरी एखादी जोडी दोनास एक असते, तिसरी समसमान. डब्यावरचा आकडा वजनाचा आहे की मापाचा, हेही वाचावं लागतं. आपल्या होडीला एका वेळी वीस-तीस ग्रॅमच माल लागतो, म्हणजे हार्डनर दोन-तीन ग्रॅम. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा इथे उपयोगाचा नाही. दशांश ग्रॅम दाखवणारा, सोनाराकडे असतो तसा छोटा काटा घ्या. रेझिनखालोखाल तीच सगळ्यात महत्त्वाची खरेदी.

कालवल्यावर इपॉक्सी ग्लासात ठेवू नका. ढिगात उष्णता कोंडते, मुंबईच्या मे महिन्यात तर दहा-पंधरा मिनिटांत ग्लास हाताला चटका देतो आणि धूर निघतो. पसरट झाकणात ओतलं की तोच माल शांतपणे वेळ देतो.

आता स्टायरिन. पॉलिएस्टरचा तो उग्र वास त्याचाच. खोलीत काम केलं तर वास दोन दिवस गाद्यांतून जात नाही, आणि चाळीच्या सामाईक गॅलरीत केलं तर शेजारच्या तान्ह्या बाळाच्या नाकात जातो. मोकळी गच्ची आणि वाऱ्याची दिशा बघूनच तो डबा उघडावा. हेच स्टायरिन थर्माकोल विरघळवतं. थर्माकोल घासून होडीचा आकार काढायचा आणि त्यावर कापड चढवायचं, ही नवख्यासाठी सोपी पद्धत आहे, पण ती फक्त इपॉक्सीनेच जमते. पॉलिएस्टर लावलं की डोळ्यांदेखत खड्डे पडतात.

इपॉक्सीला वास कमी, म्हणून ते निरुपद्रवी असं मात्र नाही. त्याचा हार्डनर त्वचेवर वारंवार लागला की ॲलर्जी जडू शकते आणि ती सहसा आयुष्यभर राहते. नायट्राइलचे हातमोजे घाला, हात थिनरने कधीही पुसू नका. पॉलिएस्टरकडचा धोका वेगळा: एमईकेपी डोळ्यात उडालं तर दृष्टी जाऊ शकते. आणि काही दुकानं कोबाल्ट, म्हणजे क्रिया जलद करणारं द्रव्य, वेगळ्या बाटलीत देतात. कोबाल्ट आणि एमईकेपी एकमेकांत थेट मिसळले तर भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच एमईकेपी.

रेसिंगच्या होडीत खरा निकाल वजनावर लागतो. नवख्यांनी आरजी-६५ वर्गातली होडी घ्यावी असं माझं मत आहे: हल जास्तीत जास्त ६५ सेंटिमीटर, शिडं एकूण २,२५० चौरस सेंटिमीटर, आणि लोकलच्या डब्यात मांडीवर मावते. सगळी मिळून साधारण किलोभर, त्यातलं निम्म्याहून जास्त वजन कीलच्या, म्हणजे होडीखालच्या उभ्या पात्याच्या, टोकाला शिशाच्या बल्बमध्ये हवं. हलचं बाहेरचं अंग अंदाजे दीड हजार चौरस सेंटिमीटर. फायबरवाले वापरतात ती मॅट, म्हणजे काचेच्या सुट्या धाग्यांची चादर, चौरस मीटरला ३०० ग्रॅमची, एकच थर लावली, तरी मॅट ४५ ग्रॅम आणि ती पिते ते पॉलिएस्टर शंभरेक ग्रॅम. तेच बाल्साच्या पट्ट्यांवर ५० ग्रॅमचं विणलेलं कापड इपॉक्सीने चढवलं, तर कापड आणि रेझिन मिळून सतरा-अठरा ग्रॅम, बाल्सा पन्नासेक ग्रॅम. म्हणजे जवळजवळ निम्मं वजन वाचतं, आणि तेवढं शिसं खाली देता येतं. दुपारी समुद्राकडून वारा चढला की होडी किती आडवी होते, ते ह्याच ग्रॅमांवर ठरतं. शिवाय इपॉक्सी लाकडाला घट्ट धरतं. पॉलिएस्टर आकसतं, आणि लाकडावरून कालांतराने पापुद्र्यासारखं सुटतं.

मॅट आणि इपॉक्सी अशी सरमिसळही टाळा. मॅटचे धागे ज्या चिकट पदार्थाने बांधलेले असतात तो बहुधा स्टायरिनमध्ये विरघळेल असाच निवडलेला असतो. इपॉक्सीत तो विरघळत नाही, मॅट ताठ राहते आणि होडीच्या गोलाईवर बसत नाही.

मग पॉलिएस्टर घ्यायचंच नाही का? साचा करायचा असेल तर जरूर घ्या. मित्रांसाठी एकाच आकाराच्या चार-पाच हल काढायच्या असतील, तर साचा जाड आणि जड असला तरी बिघडत नाही, आणि स्वस्त, झटपट पॉलिएस्टरपुढे तिथे इपॉक्सीचा खर्च परवडत नाही. साच्यावर मेण आणि पीव्हीएचा (हल साच्यातून सुटावी म्हणून लावायच्या द्रवाचा) थर नीट दिला की आत इपॉक्सीची हल घालता येते.

पावसाळ्यात इपॉक्सीचं एक वेगळंच लक्षण दिसतं. दमट हवेत धरताना वर मेणचट, तेलकट पापुद्रा येतो. तो न काढता पुढचा थर किंवा रंग दिला तर सुटतो. थिनर नको, साधं पाणी आणि भांडी घासायचा खरखरीत स्पंज, मग पॉलिश पेपर.

शेवटी खळगे बुजवायला गॅरेजवाल्याकडची गाडीची पुट्टी आणण्याचा मोह होतो. तीही पॉलिएस्टरच. धरलेल्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी चिकटतं, पण इपॉक्सीवर पॉलिएस्टरचा भरवसा नसतो. माझ्या दुसऱ्या होडीच्या नाळेवरची, म्हणजे पुढच्या टोकावरची, पुट्टी अख्खी कपची होऊन निघाली, रंगासकट. त्यानंतर उरलेल्या इपॉक्सीतच मायक्रोबलून, म्हणजे काचेच्या पोकळ कणांची पांढरी पूड, श्रीखंडाइतकी घट्ट होईपर्यंत कालवतो आणि तीच भरतो. घासायला मऊ लागते, आणि त्या जागी पुन्हा हात लावावा लागलेला नाही.