ग्रोसग्लॉकनर घाट: गाडी ताब्यात घेण्याआधी वाचा

ऑस्ट्रियाच्या महामार्गांसाठी घेतलेलं विन्येट (ठरावीक मुदतीचा टोल-परवाना) या घाटात चालत नाही. फेर्लायटन किंवा हायलिगेनब्लुटच्या नाक्यावर वेगळा टोल भरावा लागतो. रक्कम पाहून कपाळाला आठ्या पडतात, पण रस्ता साधारण मे ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच उघडा असतो आणि दरवर्षी तो बर्फातून खणूनच काढावा लागतो.

इंजिनिअर फ्रान्झ वालाक यांनी आखलेल्या या ४८ किलोमीटरच्या रस्त्याचं काम ऑगस्ट १९३० मध्ये सुरू झालं आणि ३ ऑगस्ट १९३५ ला तो खुला झाला. सुरुवातीला ३५० माणसं ७० दिवस फावड्यांनी बर्फ उपसत. १९५३ मध्ये वालाक यांच्याच आराखड्यावरची, फिरत्या पात्यांनी बर्फ कापून लांब फेकणारी यंत्रं आली. ती अजूनही कामावर आहेत! बर्फ हटला तरी काम उरतंच: भेगेत शिरलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि डांबर उचकटतं. म्हणून डागडुजी आणि गटारसफाई सतत चालू असते.

होख्टोर खिंडीत रस्ता २,५०४ मीटरवर जातो, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून साडेआठशे मीटर वर. तिथे हवा विरळ असल्याने टर्बो नसलेलं इंजिन दमल्यासारखं वाटेल. तो बिघाड नव्हे. पेट्रोल पायथ्यालाच भरून घ्या.

खरी परीक्षा उतरताना. ३६ मोठी वळणं आहेत आणि उतार १२ टक्क्यांपर्यंत. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअलवर टाकून दुसरा गिअर धरा, हायब्रिडमध्ये 'बी' (इंजिनानेच वेग रोखणारी गिअरची जागा). आपल्याकडची न्यूट्रल करून उतरायची सवय इथे महागात पडेल. ब्रेकवर पाय ठेवून राहू नका. वळणाआधी नीट दाबा, मग सोडा. सतत घासले की पॅड तापतात, ब्रेक ऑइलमध्ये मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडून खाली जातं. करपल्याचा वास आला तर सपाट जागी थांबा, 'पार्क'मध्ये टाका (मॅन्युअल असेल तर पहिल्या गिअरमध्ये) आणि अर्धा तास जाऊ द्या. डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते.

एडेलवाइसश्पिट्झं शिखराकडे जाणारा फाटा फरसबंदीचा आणि अरुंद आहे. पाऊस असेल तर तो सोडा. पास्टर्झं हिमनदी दाखवणारा कायझर-फ्रान्झ-योझेफ्स-ह्यॉअंचा फाटा मात्र चुकवू नका, तो याच टोलमध्ये येतो. रात्री घाट बंद असतो. बंद होण्याच्या ४५ मिनिटं आधी शेवटची गाडी आत घेतात.