उंची बरोबर, पण गाडी आदळते

मर्सिडीज-बेंझच्या 123 मालिकेतील जुन्या इस्टेट (मागे सामानासाठी लांब डिकी असलेल्या) गाडीची मागची बाजू खड्ड्यातून जाताना दणके देऊ लागली, की मालकाला पहिली शंका येते ती शॉक अॅब्सॉर्बरची. या गाडीच्या मागच्या चाकांना नेहमीचे शॉक अॅब्सॉर्बर मुळातच नसतात. त्यांच्या जागी तेलाने भरलेले दोन स्ट्रट, म्हणजे आधार देणारे दंडगोल, असतात, आणि दणक्यांचे कारण बहुधा त्या स्ट्रटमध्ये नसून त्यांना नळीने जोडलेल्या दोन लहान धातूच्या गोळ्यांत असते. निदान चुकल्यामुळे चांगले, महाग स्ट्रट काढून फेकले जातात आणि नवे बसवल्यावरही दणके तसेच राहतात.

ही गाडी 1977 साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आली आणि 1986 पर्यंत जर्मनीतील ब्रेमेन येथे सुमारे 2 लाख गाड्या तयार झाल्या. इस्टेट गाडीत सामान भरले की मागची बाजू खचते, नाक वर उठते, हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून या गाडीच्या मागच्या बाजूला आपोआप उंची राखणारी यंत्रणा कारखान्यातूनच बसवलेली असे. तेल आणि वायू यांच्या जोडीवर चालणारे सस्पेन्शन ही कल्पना सित्रोएन या फ्रेंच मोटार कंपनीत पॉल माजेस या अभियंत्याने विकसित केली होती. 1954 मध्ये ते एका मोटारीच्या फक्त मागच्या चाकांना आणि 1955 मध्ये प्रसिद्ध डीएस मॉडेलच्या चारही चाकांना मिळाले. मर्सिडीजने इस्टेटमध्ये पोलादी स्प्रिंग कायम ठेवल्या आणि तेल-वायूची यंत्रणा त्यांच्या मदतीला दिली.

रचना अशी आहे. इंजिनावर चालणारा एक पंप टाकीतले तेल लेव्हल व्हॉल्व्हकडे पाठवतो. या व्हॉल्व्हचा दांडा एका छोट्या सळईने मागच्या अँटीरोल बारला (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांड्याला) जोडलेला असतो. गाडी खचली की सळई दांडा फिरवते, व्हॉल्व्ह स्ट्रटकडे तेल सोडतो आणि गाडी उठते. सामान उतरवल्यावर गाडी जास्त वर येते, दांडा उलट फिरतो आणि तेल टाकीत परत जाते. योग्य उंचीला स्ट्रटमधले तेल कोंडलेले राहते आणि पंपाचे तेल नुसते टाकीत फिरत राहते.

पण तेल दाबले जात नाही. कोंडलेल्या तेलाचा स्ट्रट म्हणजे जवळजवळ पहारच. लवचीकपणा येतो तो गोळ्यांतून. प्रत्येक गोळ्यात रबरी पडदा असतो. त्याच्या एका बाजूला दाबाखालचा नायट्रोजन आणि दुसऱ्या बाजूला स्ट्रटशी जोडलेले तेल. चाक वर आले की तेल गोळ्यात शिरते आणि वायू आकसतो. म्हणजे उंची ठरवतो व्हॉल्व्ह, आणि मऊपणा देतो नायट्रोजन. ही दोन कामे मनात वेगळी ठेवली की निम्मे निदान तिथेच होते.

नायट्रोजन पडद्यातून वर्षानुवर्षे थोडा थोडा झिरपत जातो. समजा, निम्मा वायू गेला. गाडीचे ओझे तेवढेच असल्याने वायूला पेलावा लागणारा दाब तेवढाच राहतो, पण वायूच निम्मा उरल्यामुळे त्याचे घनफळ निम्मे होते. आता चाकाने तेवढेच तेल गोळ्यात ढकलले, तर उरलेल्या वायूच्या दृष्टीने ते प्रमाणात दुप्पट ठरते, म्हणून दाबातली वाढ सुमारे दुप्पट होते. वायूचा कडकपणा दुप्पट झाला. पाव वायू उरला तर चौपट, आणि सगळाच गेला तर पहार.

गंमत अशी, की हे होत असताना गाडीची उंची ढळत नाही. वायूने सोडलेली जागा व्हॉल्व्ह इमानाने तेलाने भरून काढतो. बाहेरून पाहणाऱ्याला गाडी तंतोतंत समपातळीत दिसते, आणि कडकपणा इतक्या सावकाश वाढतो की रोज चालवणाऱ्याला तो अंगवळणी पडतो. माझ्या मते या यंत्रणेची सर्वांत फसवी बाजू हीच आहे. टाकीतील पातळी किंचित कमी होणे हीच काय ती खूण, पण लोक तिला गळती समजून तेल भरून मोकळे होतात.

तपासणीला फारशी साधने लागत नाहीत. इंजिन बंद असताना मागच्या बंपरवर पूर्ण वजन टाकून दाबावे. गाडी सावकाश खाली जाऊन वर आली तर गोळे ठीक आहेत; दगडावर बसल्यासारखे वाटले तर वायू गेला आहे. गोळे नेहमी जोडीनेच बदलावेत. दुसरी चाचणी उंचीची: इंजिन चालू ठेवून डिकीत दोघातिघांना बसवावे. गाडी आधी खचून मग हळूहळू उठली पाहिजे, आणि माणसे उतरल्यावर पुन्हा आपल्या जागी आली पाहिजे.

उठलीच नाही, तर आधी ती छोटी सळई पाहावी. तिच्या टोकांचे सांधे झिजतात, निखळतात, आणि मग व्हॉल्व्हला गाडी खचल्याचे कळतच नाही. हा सर्वांत स्वस्त दोष आहे आणि बहुधा सर्वांत शेवटी पाहिला जातो. सळई शाबूत असेल तर तेलाचा माग काढावा: स्ट्रटचे रबरी आवरण ओले आहे का, नळ्यांचे सांधे पाझरतात का. काही इंजिनांत पंपाचे ऑइल सील गेल्यावर तेल बाहेर न सांडता इंजिनातच उतरते. टाकी रिकामी होते आणि जमिनीवर थेंबही दिसत नाही. खचलेली गाडी उचलण्यासाठी सळईची लांबी बदलण्याची युक्ती काही मेकॅनिक करतात. ती दोष झाकते, काढत नाही.

तेल यंत्रणेसाठी ठरवलेले खनिज हायड्रॉलिक तेलच हवे. ब्रेक ऑइलने येथील रबर फुगते. उलट रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडोच्या यंत्रणेत ब्रेक ऑइलच्या जातीचेच द्रव लागते आणि तिथे खनिज तेल सील खराब करते. सित्रोएनने तर 1966 च्या सुमारास डीएसचे लाल द्रव बदलून हिरवे खनिज तेल आणले, त्यामुळे एकाच मॉडेलमध्ये दोन परस्परविरोधी जाती आढळतात.

कोणताही सांधा सोडण्यापूर्वी व्हॉल्व्हवरील ब्लीड स्क्रूने दाब उतरवावा, कारण दाबाखालच्या तेलाची बारीक धार कातडीत घुसू शकते. दाब उतरताना गाडी खाली बसते, म्हणून ती आधी भक्कम स्टँडवर घ्यावी. नुसत्या जॅकवर कधीही विसंबू नये. जुने तेल काळे निघाले किंवा त्यात रबराचे कण दिसले, तर पडदा फाटला आहे असे समजून टाकीतील फिल्टरही बदलावा. शेवटी पातळी पाहायची ती डिकी रिकामी असताना, गाडी आपल्या उंचीला स्थिरावल्यावर. भरलेल्या गाडीत बरेचसे तेल गोळ्यांत गेलेले असते. तेव्हा टाकी काठोकाठ भरली, तर सामान उतरवताच ती वरून वाहू लागते.