वशीकरणाचं स्टिकर आणि व्होल उंदीर

ठाणे लोकलच्या दाराशी उभं राहिलं की ते स्टिकर हमखास दिसतं: 'सौतन से छुटकारा, वशीकरण, काम की गॅरंटी'. परवा त्याच स्टिकरखाली एक गृहस्थ मित्राला फॉरवर्ड वाचून दाखवत होते, 'बाहेरख्यालीपणाचं जनुक सापडलं!' बाबाची थाप कुणालाही कळते. फॉरवर्डची कळत नाही, कारण तिने पांढरा कोट घातलेला असतो.

या जनुकाची गोष्ट सुरू झाली उत्तर अमेरिकेतल्या व्होल या उंदरासारख्या प्राण्यापासून. प्रेअरी व्होलचा नर एकदा जोडी जमली की त्याच मादीबरोबर घरटं करतो, पिल्लं सांभाळतो. त्याचा चुलतभाऊ मेडो व्होल मात्र संसाराच्या भानगडीत पडत नाही. व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक दोघांकडेही असतं. पण संप्रेरक ही नुसती किल्ली. कुलूप, म्हणजे व्ही१ए ग्राही, मेंदूत कुठे बसवलंय यावर सगळा खेळ. मेंदूच्या तळाशी असलेला व्हेंट्रल पॅलिडम हा भाग 'हे हवंहवंसं' अशी नोंद करणाऱ्या यंत्रणेतला. प्रेअरी व्होलमध्ये तिथे ग्राही दाट असतात, मेडोमध्ये विरळ. दाट असले की समागमाचं सुख आणि त्या मादीची ओळख यांची गाठ बसते, असं मानतात. २००४ साली अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ लॅरी यंग यांच्या गटाने या ग्राहीचं जनुक विषाणूच्या पाठीवरून मेडो नराच्या नेमक्या त्याच भागात पोचवलं. गडी जोडीदारणीला चिकटून बसू लागला!

पण रानातल्या प्रेअरी व्होलच्या पिल्लांचा डीएनए तपासला, तर काहींचा बाप घरट्याबाहेरचा निघाला. जोडी टिकवणं वेगळं, एकनिष्ठा वेगळी. २००८ मध्ये स्वीडनमधल्या पुरुषांत याच जनुकाचा एक प्रकार आणि संसारातली कुरबुर यांचा संबंध दिसला, तोही बारीकसा. बाहेरची प्रकरणं त्यात मोजलीच नव्हती.

माणसाचं कारण एका जनुकात मावत नाही. एकटेपणा, सूड, संधी, सगळं असतं. शिवाय मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या पेशी अनपेक्षित सुखाला जोरात दाद देतात, ठरलेल्याला जेमतेम. रात्री नऊला घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून येणारं माणूस ठरलेलं असतं; ऑफिसातला नवा मेसेज नसतो.

आणि जोडी तुटल्यावरची इजा? २००९ च्या एका प्रयोगात मादीपासून तोडलेले प्रेअरी नर पाण्यात सोडले, तर हातपाय न मारता नुसते तरंगत राहिले. भावापासून तोडलेल्यांचं तसं झालं नाही. मेंदूतली ताणाची रासायनिक साखळी औषधाने अडवली, तेव्हा ते पुन्हा धडपडू लागले.

उपवनला फेरी मारताना माझी मैत्रीण सांगत होती, नवऱ्याचं ते प्रकरण संपून वर्ष झालं. ती अजून रात्री तीनला उठून त्याचं 'लास्ट सीन' बघते. तो शेजारीच घोरत असतो.