पीएम सूर्यघर योजना: अर्ज कुठे अडतो आणि कोणते कागद आधी जमवायचे

छत मोकळं आहे, ऊन भरपूर आहे, पैशांचीही सोय झाली आहे, तरी सौर पॅनलच्या अनुदानाचा अर्ज परत येतो. बहुतेक वेळा कारण वीजबिलाच्या पहिल्याच ओळीत असतं. बिल आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन पंधरा वर्षं झाली, घरपट्टी वडिलांच्या नावावर आणि अर्ज भरतो आहे मुलगा. म्हणून पॅनलचा भाव विचारायला जाण्याआधी वीजबिल, आधार आणि बँक पासबुक शेजारी शेजारी ठेवून तिन्हींवरचं नाव वाचा.

योजना काय देते ते थोडक्यात. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या या केंद्रीय योजनेत छतावर सौर पॅनल बसवणाऱ्या घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटसाठी किलोवॅटमागे 30,000 रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटसाठी 18,000 रुपये अनुदान मिळतं. म्हणजे जास्तीत जास्त 78,000. पुढे पाच किलोवॅट बसवा की आठ, रक्कम तेवढीच राहते. आपल्याकडे एक किलोवॅटमधून दिवसाला सरासरी चार, म्हणजे महिन्याला 120 च्या आसपास युनिट वीज मिळते. जागा किलोवॅटमागे साधारण 10 चौरस मीटर, सावली नसलेली. पत्र्याचं छप्पर चालतं, मात्र ते वजन पेलणारं हवं. योजना 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंत आहे.

पात्रतेच्या अटी मोजक्या आहेत. छत असलेलं स्वतःचं घर, चालू घरगुती वीजजोडणी आणि याआधी सौर पॅनलसाठी कुठलंही अनुदान घेतलेलं नसणं.

बिलावरचं नाव

बिलावर ‘जाधव एस. के.’ आणि आधारवर पूर्ण नाव, एवढ्या फरकानेही पुढे बँकेच्या टप्प्यावर अडचण येते. मूळ ग्राहक हयात नसेल तर आधी महावितरणकडे नाव बदलून घ्या. त्याला मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांचं संमतीपत्र, अर्जदाराचं आधार आणि मालकीचा पुरावा लागतो. मालकीसाठी गावात ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घराच्या नोंदीचा उतारा) आणि शहरात मालमत्ता कराची पावती किंवा प्रॉपर्टी कार्ड चालतं. जुनी थकबाकी असेल तर ती भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. नवं नाव बिलावर यायला एक-दोन बिलं जातात. तेवढं थांबा. ‘सौरचा अर्ज आत्ताच भरू, नाव मागाहून बदलू’ असं सांगणारे बरेच भेटतात, पण योजनेचं पोर्टल ग्राहक क्रमांकावरून नाव थेट वीज कंपनीच्या नोंदीतून उचलतं. जुन्या नावावर अर्ज गेला की यंत्रणा बसते, मीटर लागतो आणि अनुदान तेवढं अडकून पडतं.

सगळ्यात अवघड कागद म्हणजे वारसांचं संमतीपत्र. एक भाऊ मुंबईत, एक बहीण सासरी आणि सही कुणी द्यायची यावर घरात बोलणंच बंद. हा भाग कुठल्याही पोर्टलवर सुटत नाही. ‘मीटरचं नाव बदलल्याने घराच्या मालकीत कुणाचा हक्क कमी होत नाही’ हे घरच्यांना नीट समजावून सांगा. ते खरंही आहे, वीजबिल हा मालकीचा पुरावा नव्हे.

नमुना 8 साठी ग्रामपंचायतीत हेलपाटे घालायला लावणाऱ्यांना एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. या योजनेत हद्दीतल्या प्रत्येक घरावर बसलेल्या यंत्रणेमागे स्थानिक स्वराज्य संस्थेला, म्हणजे ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला, 1,000 रुपये प्रोत्साहन देण्याची तरतूद आहे. उतारा अडवून ठेवण्यात गावाचाच तोटा आहे.

मंजूर भार

मंजूर भार म्हणजे तुमच्या जोडणीला वीज कंपनीने मान्य केलेली क्षमता. ‘तुमचा मंजूर भार एक किलोवॅट आहे, आधी भार वाढवून आणा’ हे उत्तर अजूनही कार्यालयांत मिळतं. फेब्रुवारी 2024 मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार 10 किलोवॅटपर्यंतचे अर्ज तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीशिवाय मंजूर समजायचे आहेत आणि लागेल तेवढा भार वीज कंपनीनेच वाढवायचा आहे. दोन वेगळे अर्ज, दोन वेगळ्या रांगा ग्राहकाच्या माथी मारायचं कारणच नाही. असं सांगितलं गेलं तर लेखी मागा. भार वाढला की बिलावर काय फरक पडेल, हे मात्र आधी विचारून ठेवा.

अर्जाचे टप्पे

राष्ट्रीय पोर्टलवर राज्य, वीज कंपनी, ग्राहक क्रमांक (महावितरणचा 12 अंकी) आणि मोबाइल टाकून नोंदणी करायची. मुंबईकरांनी कंपनी नीट निवडावी: बेस्ट, अदानी, टाटा की महावितरण, ते बिलावर असतं. अर्जाला शुल्क नाही. संकेतस्थळाचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’ने संपत नसेल किंवा कुणी ‘नोंदणी फी’ मागत असेल, तर तिथेच थांबा. मंजुरीनंतर पोर्टलवरच्या यादीतला विक्रेता निवडायचा, यंत्रणा बसवायची, तपशील भरायचा, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) लावून तपासणी करून घ्यायची आणि शेवटी बँकेचा तपशील द्यायचा. विक्रेता यादीबाहेरचा असेल तर अनुदान नाही, मग तो गावातला कितीही ओळखीचा असो.

पॅनल आणि इन्व्हर्टर

पैसे इथे बुडतात, म्हणून जरा सविस्तर. अनुदानासाठी पॅनल ‘डीसीआर’ हवेत. म्हणजे पॅनल भारतात बनलेलं आणि त्यातले सेलही भारतातच बनलेले. ‘मेड इन इंडिया’ असा नुसता शिक्का पुरेसा नाही, कारण आयात केलेले सेल इथे जोडून बनवलेलं पॅनलही तो शिक्का मिरवतं. नॉन-डीसीआर स्वस्त पडतं. काही विक्रेते कोटेशनमध्ये त्याचा भाव लावतात आणि वर ‘अनुदान मिळेल’ असंही लिहितात. प्रत्येक पॅनलचा अनुक्रमांक पोर्टलवर भरला जातो, त्यामुळे ते शेवटी उघडं पडतंच, पण तोवर पॅनल छतावर चढलेलं असतं. माल घरी आला की बसवण्याआधी अनुक्रमांकांचे फोटो घ्या आणि डीसीआर प्रमाणपत्रावरच्या क्रमांकांशी जुळवा.

दुसरी गोष्ट, अनुदान पॅनलची क्षमता आणि इन्व्हर्टरची (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राची) क्षमता यांपैकी जी कमी असेल तिच्यावर ठरतं. 540 वॅटची सहा पॅनल म्हणजे 3.24 किलोवॅट. त्याला तीन किलोवॅटचा इन्व्हर्टर लावला तर पूर्ण 78,000. अडीचचा लावला तर 60,000 अधिक 9,000, म्हणजे 69,000. विक्रेत्याने इन्व्हर्टरमध्ये वाचवलेले पैसे तुमच्या अनुदानातून जातात. करारात पॅनलची कंपनी, वॅट, संख्या, इन्व्हर्टरची क्षमता, ‘डीसीआर’ हा शब्द आणि पाच वर्षांची देखभाल लिहून घ्या. ही देखभाल विक्रेत्यावर बंधनकारक आहे.

बॅटरीसाठी वेगळं अनुदान नाही. आणि बॅटरी नसलेली यंत्रणा लाइट गेली की बंद पडते, भर उन्हातसुद्धा. तारांवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाऊ नये म्हणून ती तशीच बनवलेली असते, ती बिघडलेली नसते. घरातली इन्व्हर्टरची जुनी लेड-ॲसिड बॅटरी या निमित्ताने काढणार असाल तर ती भंगारवाल्याला देऊ नका. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत गोळा करून पुनर्चक्रीकरणाला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा विक्रेत्याकडेच जमा करा. उघड्यावर फोडलेल्या बॅटरीतलं शिसं मातीत आणि पोरांच्या अंगात जातं.

‘तीस दिवस’ कधीपासून?

‘अनुदान 30 दिवसांत मिळेल’, सर्वांत जास्त चुकीची वाचली जाणारी ओळ हीच. अनुदान 30 दिवसांत येतं ते पॅनल बसल्यापासून नव्हे. आधी नेट मीटर लागायला हवा, तपासणी होऊन यंत्रणा कार्यान्वित झाल्याची नोंद पोर्टलवर व्हायला हवी आणि तुम्ही बँकेचा तपशील भरलेला हवा. ती शेवटची पायरी कितीतरी लोक भरतच नाहीत, कारण विक्रेत्याने ‘झालं सगळं’ असं सांगितलेलं असतं. स्वतः लॉगिन करून बघा. विक्रेत्याने तुमच्या खात्याला स्वतःचा मोबाइल जोडला असेल तर तेही जमणार नाही, म्हणून पहिल्या दिवशी नोंदणी आपल्याच मोबाइलवरून करा.

बँकेतही खाचा आहेत. खातं बिलावरच्या ग्राहकाचंच हवं, बायकोचं किंवा मुलाचं नको. पतसंस्थेचं पासबुक चालत नाही. देना बँक, सिंडिकेट, आंध्रा अशा विलीन झालेल्या बँकांच्या जुन्या पासबुकावरचा आयएफएससी कोड बदललेला आहे, नवा विचारून घ्या. आणि केवायसी अपुरं असलेलं ‘स्मॉल अकाउंट’ असेल तर त्यात 50,000 रुपयांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही. 78,000 त्यात मावणार कसे? आधी केवायसी पूर्ण करा.

कर्ज हवं असेल तर तीन किलोवॅटपर्यंत दोन लाखांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय मिळतं, अर्ज जनसमर्थ पोर्टलवरून करायचा.

सोसायट्या

सोसायटीला लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये मिळतात, घरामागे तीन किलोवॅट या हिशेबाने 500 किलोवॅटपर्यंत. अडथळा ओळखीचाच: सामायिक मीटर अजून बिल्डरच्या नावावर. तो आधी सोसायटीच्या नावावर करा. सोबत नोंदणी प्रमाणपत्र आणि सर्वसाधारण सभेचा ठराव जोडा. एकट्या फ्लॅटधारकाला सामायिक गच्चीवर स्वतःसाठी बसवायचं असेल तर सोसायटीचं लेखी ना-हरकत लागतं, अध्यक्षांचं तोंडी ‘हो’ कामाचं नाही.

पुण्यातल्या मालमत्ताधारकांनी महापालिकेची सवलतही मागावी. सौर, गांडूळखत, पर्जन्यजल संधारण यांपैकी एक प्रकल्प असेल तर सर्वसाधारण करात 5 टक्के, दोन किंवा अधिक असतील तर 10 टक्के. प्रकल्प चालू स्थितीत असावा लागतो.

नेट मीटर रखडला तर लक्षात ठेवा, बसवल्याचं प्रमाणपत्र दिल्यापासून वीज कंपनीला 15 दिवसांची मुदत आहे. त्या प्रमाणपत्राची पोच तारखेसह जपून ठेवा, तक्रारीत पहिल्यांदा तीच मागतात. योजनेची मदतवाहिनी 15555. तिथे काम झालं नाही तर वीज कंपनीच्या तक्रार कक्षात लेखी अर्ज द्या, त्यानंतर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा.