युद्धोत्तर कुटुंबजीवन आणि माजी सैनिक

युद्ध, घुसखोरीविरोधी मोहीम किंवा सीमेवरचा दीर्घ तणाव भोगून आलेल्या सैनिकाचे मन घरच्या माणसांत आणि घरच्या कामांत हळूहळू सावरत जाण्याची प्रक्रिया. आघातोत्तर ताण विकार (पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मागे लागणारा मनाचा आजार), नैराश्य, निद्रानाश आणि दारूचे व्यसन या तक्रारी तिच्या संदर्भात मुख्यतः येतात. आयुर्वेदातील शब्द घ्यायचा तर घर हे अनुपान आहे, म्हणजे औषध ज्यातून देतात ते. मधातून दिलेली मात्रा अंगी लागते, पण नुसत्या मधाने ज्वर उतरत नाही. प्रस्तुत नोंदीत नाशिक परिसरातील फौजी कुटुंबे डोळ्यांसमोर ठेवली आहेत.

नाशिक रोडला तोफखाना केंद्र, देवळालीला तोफखान्याची प्रशिक्षण संस्था, नाशिक रोडलाच २००३ पासून लष्कराच्या स्वतःच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचे प्रशिक्षण आणि शहरात १९३७ मध्ये स्थापन झालेली भोसला सैनिकी शाळा यांमुळे वर्दी ही इथली रोजची ओळख आहे. सिन्नर, निफाड, चांदवड, मालेगाव या तालुक्यांत निवृत्त जवानाला, हुद्दा कोणताही असो, 'मेजर' किंवा 'फौजी' म्हणण्याची रीत आहे. पेन्शनला लागणारी किमान १५ वर्षे भरून बहुतेक जवान ऐन उमेदीत घरी येतात. मुले तेव्हा शाळेत असतात आणि घर पत्नीने एकटीने उभे केलेले असते.

'देवळाली ताप' : इंग्रजीत 'डूलॅली' हा शब्द डोके फिरलेल्या माणसासाठी वापरतात. तो देवळालीवरून आला याबद्दल दुमत नाही. वाद आहे तो तसे का म्हटले गेले याचा. जुने रूप 'डूलॅली टॅप' असे होते. त्यातील 'टॅप' म्हणजे ताप, हेही बहुतेकांना मान्य आहे. तो संस्कृत 'ताप'वरून आला की फारसी 'तब' (ज्वर) वरून, याचा निकाल अवघड आहे, कारण छावणीतल्या हिंदुस्थानीत दोन्ही वावरत होते. देवळालीची छावणी १८६१ च्या सुमारास वसली. मुदत संपलेले गोरे सोजीर देशभरातून इथे आणले जात आणि पुढे रेल्वेने मुंबईला जाऊन जहाजावर चढत.

अर्थाविषयी तीन मते आढळतात. पहिले असे की देवळालीत वेड्यांचे लष्करी इस्पितळ होते, म्हणून गावाचे नाव त्या अर्थाला चिकटले. छावणीत रुग्णालय होते हे खरे. परंतु मनोरुग्ण ठरवलेल्या ब्रिटिश सैनिकांना इंग्लंडात नेटली येथील लष्करी रुग्णालयात पाठवत, त्यामुळे देवळाली हे उपचाराचे ठिकाण असण्यापेक्षा वाटेतला मुक्काम असण्याचा संभव अधिक. दुसरे मत हिवतापाकडे बोट दाखवते: तापात बरळणारा तो 'देवळाली तापा'चा रोगी. 'ताप' हा शब्द यातून सुटतो, पण हिवताप त्या काळी हिंदुस्थानातील बहुतेक छावण्यांत होता. मग देवळालीचेच नाव का, हे उरते. तिसरे मत वाट पाहण्याचे. सैनिक नेणारी जहाजे साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च या मोसमात सुटत. मोसमाबाहेर आलेल्यांना आठवडे, कधी महिने, कवायत नाही, काम नाही, अशा अवस्थेत काढावे लागत. एका ब्रिटिश सैनिकाच्या १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत, सात-आठ वर्षे चोख नोकरी केलेली माणसे या रिकाम्या दिवसांत कशी बिघडत याचे वर्णन आहे. हे तिसरे मत इतर दोहोंपेक्षा समाधानकारक वाटते. रुग्णालय आणि ज्वर यांनी त्यात नंतर भर घातली असावी.

या वादाला आजही व्यवहारात महत्त्व आहे. लढाईची आघाडी आणि घर यांच्यामधला काळ कसा जातो, यावर पुढचे बरेच ठरते. बरोबरच्या साथीदारांसह एक-दोन दिवसांचा थांबा उपकारक ठरावा या कल्पनेने ब्रिटिश सैन्य अफगाणिस्तानातून परतणाऱ्या तुकड्यांना सायप्रसमध्ये थांबवत असे. त्याच्या परिणामाविषयीचा पुरावा संमिश्र आहे. आजचा जवान काश्मीरमधून विमानाने निघाला तर दुसऱ्या दिवशी अंगणात असतो. त्याची देवळाली घरातच होते. निवृत्तीनंतरचे पहिले काही महिने, पेन्शन सुरू आणि काम काहीच नाही, ही तीच स्थिती आहे.

निदानाचा इतिहास : स्विस भाडोत्री शिपायांना जडणाऱ्या घराच्या ओढीला होफर या वैद्यकाने १६८८ मध्ये रोगाचे नाव दिले. अमेरिकी यादवी युद्धातील धडधडत्या छातीचे वर्णन डा कोस्टा या अमेरिकी डॉक्टराने १८७१ मध्ये केले, 'शेल शॉक' (तोफमाऱ्याने मनाला बसलेला धक्का) ही संज्ञा मायर्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाच्या १९१५ च्या लेखाने रूढ झाली आणि आघातोत्तर ताण विकाराला अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात १९८० मध्ये जागा मिळाली. लक्षणे महिन्याहून अधिक टिकली तरच हे निदान करतात. आपल्याकडे युद्धानंतरच्या दुःखाचा विचार त्याहून फार जुना आहे. शांतिपर्वाच्या आरंभी जिंकलेला युधिष्ठिर राज्य नको म्हणतो, तो याच अवस्थेत.

कुटुंबाच्या परिणामाविषयीची मते : २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात, आघातानंतर आधार नसणे हा विकार जडण्याच्या सर्वांत प्रबळ कारक घटकांपैकी एक ठरला. त्यावरून 'मायेची माणसे असली की माणूस बरा होतो' असा सोपा अर्थ काढला जातो. आखाती युद्धातील (१९९१) अमेरिकी सैनिकांच्या पाठपुराव्यात मात्र उलटी दिशा दिसली: आधार आटल्याने आजार वाढण्यापेक्षा, आजाराने माणसे दूर जाण्याचा प्रकार ठळक होता. प्रत्यक्ष घरांत हे दुसरे चित्र अधिक ओळखीचे वाटते. भारतीय सैनिकांत हा विकार कमी आढळतो, कारण एकत्र कुटुंब आणि पलटणीचा जिव्हाळा, असेही एक मत आहे. त्यावर आक्षेप असा की आपल्याकडे तक्रार मनाची म्हणून येत नाही. छातीत धडधड, पित्त, अंगदुखी म्हणून येते, आणि नोकरीत असेपर्यंत वैद्यकीय श्रेणी उतरेल या भीतीने बोललीच जात नाही. हा आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाही.

घरात काय बिघडते : सर्वांत घातक ठरते ती आजाराशी केलेली जुळवणी. आधी मुलांना दबक्या आवाजात बोलायला सांगतात, मग पाहुणे बंद होतात, मग लग्नकार्याला पत्नी एकटी जाते. प्रत्येक तडजोड प्रेमापोटी असते आणि त्या दिवसापुरती सुटका देते. वर्षभरात घर दोन खोल्यांएवढे उरते. त्यापेक्षा कार्याला अर्धा तास जावे, भिंतीला पाठ आणि दाराकडे तोंड येईल अशी खुर्ची घ्यावी, निघण्याची वेळ आधी ठरवावी आणि पुढच्या खेपेस पंधरा मिनिटे वाढवावीत.

दुसरे भांडण कारभाराचे. बँक, विकास सोसायटीचे कर्ज, शाळा, छाटणीला येणारी मजुरांची टोळी हे सगळे पत्नीने सांभाळलेले असते. परतलेला नवरा आठवड्यात घराला 'फॉल-इन' (रांगेत उभे राहण्याचा हुकूम) करू लागतो, नाहीतर सगळ्यातून अंग काढून घेतो. फौजेत चार्ज देताना-घेताना यादी करून एकेक वस्तू मोजतात; घरातही तसेच करावे. सुरुवातीला एकच काम घ्यावे: ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवणे व फिल्टर धुणे, म्हशीची धार, मुलीला क्लासला सोडणे. काम खरे असावे, रोज ठरल्या वेळी यावे आणि तास-अर्ध्या तासात संपावे. मन रमवण्यासाठी म्हणून दिलेले खोटे काम फौजी माणूस लगेच ओळखतो आणि दुखावतो.

झोपेत ओरडणाऱ्या माणसाला खांदा हलवून उठवू नये. अर्धजागृतीत हात उगारला जाण्याची शक्यता असते. दाराशी उभे राहून दिवा लावावा, मोठ्याने पण शांत स्वरात हाक मारावी आणि ठिकाण सांगावे: 'अहो, घरी आहात, सिन्नरला. मी आहे.' उत्तर येईपर्यंत जवळ जाऊ नये. स्वप्न काय होते हे रात्री विचारू नये.

तोफखान्यातील माणसांच्या बाबतीत कान आधी तपासावेत. १५५ मिमी तोफेजवळचा आवाज १६० डेसिबलच्या वर जातो आणि वर्षानुवर्षांच्या माऱ्याने प्रथम उंच पट्टीची श्रवणशक्ती जाते. स, श, त, क ही व्यंजने आणि बायका-मुलांचे आवाज त्याच पट्टीत येतात. 'पप्पा लक्षच देत नाहीत' या तक्रारीमागे कित्येकदा मन नसून कान असतो. माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेच्या (सुरुवात १ एप्रिल २००३) पॉलिक्लिनिकमधून तपासणीला पाठवून घेता येते आणि श्रवणयंत्रही मिळते.

आवाज : देवळालीच्या रेंजवरील तोफांचा सराव, ओझरहून उडणारी सुखोई, नाशिक रोडवरची हेलिकॉप्टरे, द्राक्षबागेत पाखरे आणि उसाच्या कडेला बिबट्या हाकलायला वाजवलेले फटाके, वराती. त्रास मोठेपणापेक्षा अचानकपणाचा असतो, म्हणून शेजारच्या बागेत फटाके कधी वाजतात हे विचारून घेणे साधे पण गुणकारी ठरते. दिवाळीत फटाक्याची कायदेशीर मर्यादा चार मीटरवर १२५ डेसिबल आहे. पहिल्या वर्षी गावाबाहेर जाण्यात गैर नाही; दरवर्षी जाणे म्हणजे भीतीला खतपाणी. समुपदेशकाच्या सल्ल्याने फुलबाजी, मग भुईनळा, मग लांबवरची लवंगी असा क्रम लावता येतो. वात त्याने स्वतः पेटवावी.

दारू : कॅन्टीनची बाटली झोपेचे औषध म्हणून सुरू होते, दारूने झोप लवकर लागते पण मध्यरात्रीनंतर तुटते आणि स्वप्ने वाढतात. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेत माळ घालून दारू सोडण्याचा संकल्प अनेकांना तारतो. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर पहिल्या दिवसात थरथर, दोन दिवसांपर्यंत झटके आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाताचा भ्रम होऊ शकतो. तो प्राणघातक असतो. माळ घालण्याआधी डॉक्टरांना भेटावे. बागाईतदारांनी आणखी एक लक्षात ठेवावे: द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर काडीवरील डोळ्यांना (अंकुरांना) लावायच्या हायड्रोजन सायनामाइडच्या पेस्टची दारूशी तीव्र विषारी प्रतिक्रिया होते. त्या कामाच्या आदल्या दिवसापासून पुढे काही दिवस थेंबही घेऊ नये, किंवा पेस्ट दुसऱ्याने लावावी.

उपचार : आघातावर केंद्रित मानसोपचाराचे साधारण ८ ते १५ सत्रांचे क्रम प्रमाण मानले जातात. पती-पत्नींसाठीच्या संयुक्त उपचारात १५ सत्रे असतात: आधी घरातली सुरक्षितता, मग बोलण्याची रीत आणि टाळलेल्या जागांची यादी करून दोघांनी तिथे जाणे, शेवटी अपराधभाव व विश्वास यांचा विचार. लढाईचा तपशील पत्नीला सांगितलाच पाहिजे असे नाही. सर्ट्रालीनसारख्या नैराश्यविरोधी औषधाचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. 'फरक नाही' म्हणून ते पंधराव्या दिवशी बंद करणे ही नेहमीची चूक. अल्प्राझोलमसारख्या शामक गोळ्या या विकारात टाळाव्यात असाच बहुतेक मार्गदर्शक तत्त्वांचा कल आहे.

कीटकनाशके आणि परवान्याची बंदूक कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. निराशेच्या काळात काही दिवस दोन्ही घराबाहेर असणे उत्तम. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते. मारहाण हा आजाराचा भाग म्हणून सोसू नये; ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या दाव्यासाठी डिस्चार्ज बुक आणि निवृत्तीवेळच्या वैद्यकीय मंडळाचे कागद जपावेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्याबाबत मार्गदर्शन मिळते.

लोकरूढी : जुन्या नाशकात धुळवडीला वीरांची मिरवणूक निघते. देव्हाऱ्यातील वीरांचे टाक वाजतगाजत रामकुंडावर नेऊन त्यांना स्नान घालतात. बाशिंग बांधलेला दाजीबा वीर हे तिचे मुख्य आकर्षण. अकाली मृत्यूच्या शांतीसाठी त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळी करतात. गेलेल्या साथीदाराचे ओझे वाहणाऱ्या माणसाला अशा विधीत शोक करायला जागा मिळते, आणि उपचार चालू ठेवून तो करण्यास हरकत नसते. जिवंत परतलेल्याचे स्वागत उंबऱ्यावर होते: पायांवर पाणी, भाकरतुकडा ओवाळून टाकणे, औक्षण.

मुले : लहानांना 'पप्पांना कामावर मोठे आवाज ऐकावे लागले, म्हणून ते झोपेत दचकतात, तुझं काही चुकलेलं नाही' एवढे पुरते. दहा-बारा वर्षांपुढच्यांना आजाराचे नाव सांगावे. रात्री वडिलांवर पहारा ठेवण्याचे काम थोरल्या मुलाकडे देऊ नये.