दिवड

दिवड किंवा पाणदिवड हा गोड्या पाण्याच्या आसपास राहणारा बिनविषारी साप आहे. विहीर, तळे, ओढा, पाटाचे पाणी, भातखाचर, गावाबाहेरचे गटार, जिथे मासे आणि बेडूक मिळतात तिथे ती असतेच. काही भागांत तिला विरोळा म्हणतात. शास्त्रीय नाव फौलिया पिस्केटर. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ योहान गॉटलोब श्नायडर यांनी १७९९ मध्ये या जातीचे वर्णन केले. ‘पिस्केटर’ या लॅटिन शब्दाचा अर्थ मासेमार. नाव अगदी चपखल बसले आहे. जुन्या पुस्तकांत हाच साप नॅट्रिक्स किंवा झेनोक्रोफिस या प्रजातींत सापडेल.

पूर्ण वाढलेली दिवड साधारण दोन ते तीन फूट लांब असते. क्वचित पाच फुटांच्या पुढेही जाते. मादी नरापेक्षा मोठी आणि जाड. रंग पिवळट, हिरवट किंवा तपकिरी, त्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकडे, पोट पांढरे. पाठीच्या खवल्यांवर मधोमध बारीक कंगोरा असतो, त्यामुळे अंग खरबरीत लागते. नाकपुड्या किंचित वर वळलेल्या असल्याने तेवढ्या बाहेर ठेवून बाकी सगळे शरीर पाण्याखाली असतानाही तिला श्वास घेता येतो. रंगात फरक पडला तरी सहसा न चुकणारी खूण म्हणजे डोळ्यापासून तिरप्या उतरणाऱ्या दोन काळ्या रेघा: एक थेट ओठाकडे, दुसरी जबड्याच्या कोपऱ्याकडे. डोळ्याची बाहुली गोल असते; घोणसाची उभ्या फटीसारखी.

दिवड दिवसा आणि रात्रीही फिरते. मासे आणि बेडूक हे तिचे मुख्य अन्न. पिल्ले बेडूकमाशांवर वाढतात. ती भक्ष्याला विळखा घालत नाही. मागे वळलेल्या अणकुचीदार दातांत बुळबुळीत मासा घट्ट धरायचा आणि जिवंतच गिळायचा, ही तिची रीत. दगडी बांधणीच्या जुन्या विहिरीत कपारीतून नुसते डोके बाहेर काढून बसलेली दिवड खेड्यात वाढलेल्या अनेकांनी पाहिलेली असते.

स्वभाव मात्र तापट. कोंडीत सापडली की ती डोके उचलते, मान चपटी करून फुगवते आणि जोरात झेपावते. नागाची ही नक्कल शत्रूला बिचकवण्यासाठी असते, पण माणसासमोर तीच तिच्या जिवावर उठते: फणा समजून लोक तिला नाग म्हणून मारतात. खऱ्या फण्यासारखी तिची मान रुंद पसरत नाही आणि मानेवर दहाचा आकडाही नसतो. शेपटीला धरले तर गरगर फिरून ती शेपटी तोडून निसटल्याचीही नोंद आहे. पालीची शेपटी पुन्हा उगवते, तशी ही उगवत नाही.

ती चावते, आणि चावली की बारीक दातांमुळे रक्त बरेच येते. विषबाधा होत नाही. जखम साबणाने धुवावी व डॉक्टरांना दाखवावी. मात्र साप ओळखण्याबद्दल तिळमात्र शंका असली तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. मंतरण्यात वेळ घालवू नये.

मादी एका वेळी बहुधा ३० ते ७० अंडी घालते. १०० पर्यंतही नोंदली गेली आहेत. अंडी पाण्याजवळच्या बिळांत असतात आणि पिल्ले बाहेर येईपर्यंत मादी त्यांच्यापाशी राहते. इतर वेळी डिवचताच अंगावर येणाऱ्या या सापाचे हे राखण बसणे विशेष वाटते. पिल्लू वीतभरही नसते. बगळे, घारी, मुंगूस आणि खुद्द नाग त्यांतली बहुतेक उचलतात.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दिवडीला संरक्षण आहे. कातड्याच्या व्यापारामुळे भारताने तिचे नाव वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या तिसऱ्या परिशिष्टातही घातले आहे. आजचे मोठे संकट रोजचेच: पावसाळी रात्री रस्ता ओलांडताना चिरडणे, आणि माशांच्या जाळ्यात गुरफटून बुडणे. पाण्यात राहणारा असला तरी हा साप फुप्फुसांनीच श्वास घेतो, त्याला वर यावेच लागते.